वठलेल्या लिंबातला निळकंठ

अहो, काल सकाळी विहिरीवरच्या मोटारीकडं जाणाऱ्या तारेवर एक निळकंठ येऊन बसला होता. एकटाच. मान आखडून, अंग फुगवून, तुम्ही म्हणायचात तसा, घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. मी हातातली बादली खाली ठेवली आणि सवयीनं मागं वळून म्हणाले, "आला बघा." मागं तुमची बाज होती. तिच्यावर आपल्या संतोषनं गाद्या वाळत घातल्या होत्या.

तुमचं तेरावं होऊन आज नऊ दिवस झाले. संतोष सोमवारी पुण्याला निघायचं म्हणतोय. मलाही चल म्हणतोय, आणि मी नाही म्हटलेलं नाही. पण शेत सोडायच्या आधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही समोर होतात तेव्हा दोन वर्षं तोंड उघडलं नाही, म्हणून आता नातीची एक कोरी वही घेऊन बसले आहे. दहावीनंतर एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही. मला सरळ मुद्द्याला हात घालता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही म्हणायचात, हिला धारूरला जायचं असलं तरी ही आधी बीडला जाऊन येणार.

तर बीडपासूनच सुरू करते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेराहून, लिंबागणेशहून परत येत होते. बीडच्या स्टँडवर तुम्ही चालवत होतात तीच एसटी धरली आणि तुमच्या मागच्या सीटवर बसले. तेलगाव मागं पडलं, घाट जवळ आला, आणि तुम्ही मोकळ्या रस्त्यावर गाडी एकदम हळू केली.

"ती तार बघ," तुम्ही मान न वळवता म्हणालात.

"काय हाय?"

"पाखरू."

"मळकट तर हाय."

"थांब. उडू दे त्याला."

आणि अख्खी गाडी थांबली. कंडक्टरनं दोनदा बेल मारली. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ डायवरसाहेब, गाडी बिघडली का?" तुम्ही ढिम्म. मग ते पाखरू तारेवरून सुटलं आणि त्यानं पंख उघडले. मी तोवर हा पक्षी पाहिला नव्हता असं नाही, माहेरी बांधावर नेहमी दिसायचा. पण असा पाहिला नव्हता. पंखात आधी गडद निळा, मग फिका निळा, मग टोकाला पुन्हा गडद, आणि सगळं ऊन त्याच्याच अंगावर पडलेलं. जमिनीवर उतरून त्यानं नाकतोडा उचलला, पुन्हा तारेवर त्याच जागी येऊन बसला, नाकतोडा दोन-तीनदा तारेवर आपटला आणि गिळला. पंख मिटले तसा पुन्हा मळकट झाला.

कंडक्टर म्हणाला, "नवी नवरी हाय म्हणून काय पॅसिंजरला बी पिच्चर दाखवता का? चला आता." सगळी गाडी हसली. मी पदरात तोंड लपवलं. तुम्ही गियर टाकला आणि गाडी घाटाला लावलीत.

घरी आल्यावर मी म्हणाले, आमच्याकडं त्याला चास म्हणतात. तुम्ही म्हणालात, "हिकडं समदे निळकंठ म्हणतेत. पण मला सांग, गळा कुठं निळा हाय त्याचा?" तिथून आपलं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. डोकं निळं, पंख निळे, शेपूट निळं, पण गळा तांबूस आणि त्यावर पांढुरक्या रेघा. मी म्हणायची, देवाचं नाव पडलंय, पडू द्या, तुम्ही कोण बदलणारे? तुम्ही म्हणायचात, "नाव चुकलं तर चुकलं म्हनावं माणसानं. देवाला खोटं लागत न्हाई." दसऱ्याला लोक गाडीत तुमच्या सीटमागं येऊन उभे राहायचे, निळकंठ दिसला तर थांबवा, आजच्या दिवशी दर्शन चांगलं असतं म्हणायचे. तुम्ही थांबवायचात, पण बोलल्याशिवाय राहायचा नाहीत: "रोज बसतो हितंच. बाकीच्या दिवशी कावून बघत न्हाई?"

खोटं तुम्हाला खपायचं नाही. एवढं एक सोडलं तर तुमच्याइतका मऊ माणूस मी पाहिला नाही. गाडीखाली कुत्रं आलं तर दोन दिवस जेवायचा नाहीत. पण कोणी खोटं बोललं की तुम्ही दगड व्हायचात. संतोषनं लहानपणी परीक्षेचे गुण खोटे सांगितले, तर महिनाभर त्याच्याशी बोलला नाहीत. मारलं नाही, रागावला नाहीत, बोलणंच बंद. पोरगं रडून रडून आजारी पडलं होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण त्या दिवशी माझ्या तोंडून जे निघालं, त्याच्या मागं ही भीती होती, एवढं तुम्हाला कळावं.

रिटायर होऊन आपण शेतात राहायला आलो ती वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. हे तुम्हाला कधी म्हणाले नाही. एवढी वर्षं तुम्ही रस्त्यावर आणि मी चुलीपाशी. सोबत बसून चहा प्यायला साठी गाठावी लागली. आपल्या आणि नामदेव भावजींच्या शेताच्या मधल्या बांधावर तो वठलेला लिंब होता, त्याच्या ढोलीत निळकंठाची जोडी असायची. भावजींना तो तोडायचा होता, जळणाला. तुम्ही म्हणालात, "नाम्या, राहू दे." भावजी म्हणाले, "मेलेलं झाड हाय बे भाऊ." "त्यात जितं घर हाय." भावजींनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि हसत गेले. चुलत भाऊ, पण एका ताटात जेवलेले. तुमचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

चैत्र आला की तुम्ही बाज लिंबाच्या दिशेला फिरवायचात. नर सरळ वर चढायचा, पार ठिपका होईपर्यंत, आणि मग तिथून या अंगावरून त्या अंगावर कलंडत, ओरडत खाली यायचा. मादी फांदीवर बसून बघायची, नाहीतर बघत नाही असं दाखवायची. "एवढा देखणा गडी आणि आवाज बघ," तुम्ही म्हणायचात, "ब्रेक लायनर संपलेल्या गाडीसारखा." कावळा ढोलीच्या आसपास फिरकला की दोघं मिळून त्याला हाकलून लावायचे. घारीच्या पाठीवर बसायलाही भ्यायचे नाहीत. शेजारच्या रानात काड पेटवलं की धुराच्या कडेला हजर, पळणारे किडे टिपायला. नांगराच्या मागं तर असायचेच. हे सगळं तुम्ही मला दाखवलंत. मी जन्मभर असल्याच रानात वावरले होते आणि मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

आता ते सांगते.

दोन पावसाळ्यांमागे गोगलगायी आल्या होत्या, आठवतं? सोयाबीन नुकतं दोन पानांवर आलं होतं. सकाळी बघावं तर ओळीच्या ओळी बुडातून खाल्लेल्या. सगळे लोक मुरमुरे गुळाच्या पाण्यात भिजवून, त्यात औषध कालवून बांधानं टाकत होते. तुम्ही म्हणालात, आपल्या रानात ते नको, ढोलीत पिल्लं आहेत, आपण हातानं वेचू. वेचल्या की. आठ दिवस दोघांनी वेचल्या, पोत्यानं वेचल्या, मिठाच्या पाण्यात बुडवल्या. मग तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली आणि तुम्ही बीडला लेकीकडं गेलात. चार दिवस मी एकटी होते. पहाटे वाकायची ते ऊन चढेपर्यंत, पुन्हा दिवस कलला की वाकायची. तिसऱ्या दिवशी मला सरळ उभं राहता येईना. आणि समोर रोज दोन-दोन ओळी साफ होत होत्या. मी बांधावर बसून रडले. मग उठले, घरात मुरमुरे होते, गूळ होता. औषध तुम्ही नको म्हणालात तरी मी आधीच आणून गोठ्याच्या आढ्याला ठेवलं होतं. हेही तुम्हाला माहीत नव्हतं. दिवस मावळताना मी आपल्या बांधानं आणि लिंबाखालच्या बांधानंही मुरमुरे टाकले. लिंबाखाली टाकताना पाखरांची आठवण झाली होती. झाली नव्हती असं म्हणणार नाही. पण निळकंठ मुरमुरे खात नाही, किडे खातो, एवढंच मी मनाशी म्हणाले. त्या मुरमुऱ्यांवर किडेच येतील हे डोक्यात आलं नाही. की आलं आणि मी ते बाजूला सारलं? आज नक्की सांगता येत नाही.

सकाळी गोगलगायी मेलेल्या होत्या, टोपलं भरून. मी पुरून टाकल्या. भुंगे, नाकतोडे लुळे होऊन बांधावर पडले होते, त्यांच्याकडं मी लक्ष दिलं नाही. आणि दुपारी तुम्ही आलात, काळा चष्मा लावून, डॉक्टरनं आठ दिवस ऊन टाळा म्हणून सांगितलेलं, तरी चप्पल न काढता थेट लिंबाकडं गेलात.

मी चहा घेऊन आले तर तुम्ही खाली बसला होतात. नर मरून पडला होता. तुम्ही चष्मा काढला होता आणि त्याचा एक पंख दोन बोटांनी उघडून धरला होता.

"एवढा निळा," तुम्ही म्हणालात, "एवढा निळा मला इतक्या वर्षांत दिसलाच न्हवता गं. डोळ्यावर पिवळं आलं व्हतं."

मग तुम्ही बांधाकडं पाहिलं. गवताच्या बुडाशी पाच-सहा मुरमुरे राहिले होते.

"कुणी टाकले?"

मी म्हणाले, "नामदेव भावजींच्या रानातले असतील. त्यांनी टाकलेत."

एवढंच. तेवढ्या वेळात चहावर साय पण धरली नव्हती. भावजींनी वरच्या तुकड्यात टाकले होते हे खरं, गावाला माहीत होतं. लिंबाच्या अंगाला त्यांनी एक दाणा टाकला नव्हता. तुमच्या पाखरांसाठीच.

तुम्ही तसेच उठून गेलात. मी इथून ऐकत होते.

"मी हिकडं टाकलं न्हाई भाऊ."

"बांधावर पडलेत, नाम्या."

"आईची आण, म्या न्हाई टाकलं."

"मेलेल्या आईची आण घिऊ नको. चूक झाली म्हन, मिटलं."

"जे केलंच न्हाई ते कसं कबूल करू? एका पाखरापायी भावाला लबाड म्हणतो व्हय बे?"

"पाखरापायी न्हाई," तुम्ही म्हणालात, "लबाडीपायी."

त्यानंतर तुम्ही दोघं बोलला नाहीत. मादी दोन दिवस ढोलीशी येत-जात होती, तिसऱ्या दिवशी दिसली नाही. पिल्लांचा आवाज येत होता. तुम्ही शिडी लावलीत, मी खालून धरली. ओरडत होते मी, डोळ्याचं नवं ऑपरेशन, खाली या. तीन पिल्लं होती, दोन गेलेली. तिसरं तुम्ही खोक्यात कापूस घालून ठेवलंत, लांबच्या माळावर जाऊन नाकतोडे धरून आणलेत, चिमट्यानं भरवलेत. ते मोठं तोंड उघडायचं. चार दिवस उघडलं. तुम्ही त्याला लिंबाच्या बुडाशी पुरून आलात आणि हात धुताना मला म्हणालात, "तू हायस म्हणून बरं हाय. तू तरी खरं सांगतीस."

अहो, तेव्हा सांगायला हवं होतं. तो शब्द ऐकल्यावर तर सांगता येईना.

पुढं तरी संधी आली नाही का? भावजींच्या लेकीचं लग्न ठरलं, त्यांनी पत्रिका पाठवली, स्वतः आले नाहीत. तुम्ही पत्रिका देवापाशी ठेवलीत आणि लग्नाला गेला नाहीत. त्या दिवशी बँडचा आवाज आपल्या शेतापर्यंत येत होता. तुम्ही बाजेवर त्या दिशेला तोंड करून बसला होतात आणि मंगलाष्टका सुरू झाल्या तेव्हा टोपी काढून मांडीवर ठेवलीत. जी पोरगी तुमच्या गाडीत पुढं बसल्याशिवाय शाळेला जायची नाही, तिच्यावर तुम्ही तांदूळ टाकले नाहीत. मी दारात उभी होते. शब्द ओठांवर होता. पण मग तुम्ही माझ्याशी बोलायचं बंद कराल, या वयात, या शेतात, आपण दोघंच असताना. तेवढं मला सोसलं नसतं. म्हणून मी दोन भावांना ते सोसू दिलं.

आणि जायच्या तीन दिवस आधी तुम्ही आपणहून म्हणालात, "नाम्या आता म्हातारा दिसाया लागला." किती दिवसांनी त्यांचं नाव घेतलंत! मला वाटलं, सुटतंय आपोआप. पाडव्याला भेटतील, गळ्यात पडतील, आणि मला काही बोलावंच लागणार नाही. मी मनात खूश झाले. हे लिहिताना लाज वाटते.

त्या सकाळी तुम्ही मोटार चालू करायला गेलात आणि पाइपाशी बसलात ते उठला नाहीत. मी ओरडले. पहिले धावत आले ते भावजीच, बांध ओलांडून, अनवाणी. त्यांनी तुम्हाला उचललं, जीपमध्ये घातलं, तुमचं डोकं मांडीवर घेतलं. रस्ताभर ते तुमचा गाल थोपटत होते.

"भाऊ, डोळं उघड बे. ए भाऊ. माझ्याकडं बघ." आणि घाट लागल्यावर म्हणाले, "म्या टाकलं न्हवतं रे. म्या न्हवतं टाकलं. ऐकतुस का?"

मी समोर बसले होते. तुमचे पाय माझ्या मांडीवर होते. मी बोलले नाही. तेव्हाही नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले.

भावजींनी खांदा दिला, सगळं केलं, आणि आपल्या घरचा चहा न घेता गेले. तेराव्याला आले ते मांडवाच्या कडेला बसले. लोक कुजबुजत होते, मरेपर्यंत भाऊ बोलला नाही म्हणे याच्याशी. त्यांनी ते ऐकलं, मान खाली घातली.

चार दिवसांपूर्वी मी त्यांच्याकडं गेले. ते गोठ्यात दावं वळत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आढ्यावरच्या औषधासकट. त्यांचे हात थांबले, एवढंच. मग म्हणाले,

"भाऊला ठावं व्हतं?"

"न्हाई."

"म्हंजी त्यो मला लबाड समजूनच गेला."

मी पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. "वैनी, तुमी थोरल्या हाव. असलं करू नका." मग दावं बाजूला टाकून म्हणाले, "जीपमदी तरी बोलायचं. एक शबूद. त्येचा जीव हुता तवा अजून, माझ्या हाताला लागत हुता."

मी म्हणाले, "भावजी, मी समद्या गावाम्होरं सांगते. संतोषला सांगते."

"गावाचं मला काय करायचंय? ज्याच्याम्होरं मी लबाड ठरलो, त्याला सांगा." आणि उठून बैलांकडं गेले. त्यांनी मला बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. बरोबरच केलं.

संतोषला मी काल सांगितलं. त्यानं बाजेवरच्या गाद्या गोळा करून आत नेल्या. मग म्हणाला, "आई, तू एवढी घाबरत होतीस दादांना?" मी म्हणाले, घाबरत नव्हते रे, तुझ्या दादांवाचून राहता आलं नसतं. आता राहायचंच आहे. त्याला सोमवारचं एकट्यानंच जा म्हणून सांगणार आहे. भावजी माझ्याशी बोलोत न बोलोत, त्यांच्या बांधाला बांध लावून मी इथंच राहीन.

तुम्ही असता तर माझ्याशी बोलायचं बंद केलं असतंत. कबूल आहे. तुम्ही आता बोलणार नाहीच आहात.

ज्याला सांगायचं त्याला सांगते. मुरमुरे मी टाकले होते. नामदेव खरं बोलत होता.